प्रश्न नेमाचा नाही

जानेवारीचा शेवट आला की आमच्या प्राध्यापक-कक्षात एक जुनी चर्चा पुन्हा सुरू होते. यंदा ती वर्गातच उपस्थित झाली. निबंध हा वाङ्मयप्रकार शिकवत असता, आमच्यापैकी एकाला एका हुशार विद्यार्थ्याने विचारले, "सर, आधी शिवणकाम आणि मग संपादकी केलेल्या माणसाला इतका अचूक नेम कसा साधला?" प्रश्न अर्थातच नथुराम गोडसेविषयी होता. तास संपला. प्रश्न मात्र आम्ही बरोबर घेऊन आलो.

या प्रश्नाला पुण्यात दोन ठराविक उत्तरे आहेत. पहिले असे की, अशा माणसाला हे शक्यच नाही. दुसराच कोणी सराईत मारेकरी तेथे असला पाहिजे. 'चौथ्या गोळी'ची कथा यातूनच फोफावली. ती थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. न्यायालयाने ज्येष्ठ विधिज्ञ अमरेंद्र शरण यांना न्यायमित्र नेमून कागदपत्रे तपासून घेतली. चौथ्या गोळीला आधार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता, आणि मार्च २०१८मध्ये ती याचिका फेटाळली गेली. दुसरे उत्तर याच्या नेमके उलट: गोळ्या त्यानेच झाडल्या, आणि काय नेम होता! हे दोन पक्ष एकमेकांचे हाडवैरी. पण दोघांचीही नजर पिस्तुलावरच खिळलेली आहे, हे आम्हाला अधिक अर्थपूर्ण वाटते.

वस्तुस्थिती फार साधी आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजी बिर्ला भवनातून प्रार्थनेला निघाले होते. मनू आणि आभा त्यांच्या दोन्ही बाजूंना होत्या. मारेकरी गर्दीतून पुढे आला, त्याने मनूला बाजूला ढकलले आणि तीन गोळ्या झाडल्या. ज्या अंतरावरून एका मुलीला हाताने ढकलता येते, त्या अंतरावर नेमबाजीचा प्रश्न उरतोच कोठे?

याच मंडळींची दहा दिवस आधीची कामगिरी आठवावी. २० जानेवारीला सकाळी त्यांनी शस्त्रांची चाचणी घेतली, तेव्हा एक रिव्हॉल्व्हर नीट चालेना आणि दुसऱ्याची गोळी झाडापर्यंतही पोहोचली नाही, अशी जबानी माफीचा साक्षीदार दिगंबर बडगे याने दिली. हा बडगे पुण्यातला 'शस्त्र भांडार'वाला. त्या संध्याकाळी स्फोट झाला, मदनलाल पाहवा जागीच पकडला गेला, बाकीचे पांगले. खरा प्रश्न येथून सुरू होतो. एक आरोपी हाती असताना मधल्या दहा दिवसांत दिल्ली, मुंबई आणि पुणे येथील पोलीस यंत्रणांनी काय केले? कपूर आयोगाने १९६९च्या अहवालात नेमके हेच तपासले आहे. चौथ्या गोळीवर रंगात येऊन बोलणाऱ्या किती जणांनी तो अहवाल उघडून पाहिला असेल?

आम्हीही या दोषापासून मुक्त नाही. गणेशखिंड रस्त्याची कथा आम्ही वर्गात कितीदा रंगवून सांगितली आहे! २२ जून १८९७च्या रात्री दामोदर चापेकर रँडच्या बग्गीवर मागून चढले आणि अगदी जवळून त्यांनी गोळी झाडली. बाळकृष्ण चापेकरांच्या गोळीने दुसऱ्या गाडीतला आयर्स्ट जागीच ठार झाला. ज्याच्यासाठी सारा खटाटोप होता तो रँड ३ जुलैपर्यंत जगला. उलट १९३१मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयाच्या ग्रंथालयात वासुदेव बळवंत गोगटे यांनी हॉटसनवर तितक्याच जवळून गोळ्या झाडल्या, आणि हॉटसन वाचला. कोणी खिशातल्या पाकिटाची हकीकत सांगतो, कोणी चिलखताची. हे सारे प्रसंग एका मापाने मोजता येत नाहीत. साम्राज्याचा जुलमी अधिकारी आणि प्रार्थनेला निघालेला नि:शस्त्र वृद्ध यांना एका ओळीत बसवण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. एवढेच म्हणायचे आहे की, यांपैकी एकाही ठिकाणी निकाल नेमबाजीने लागलेला नाही.

मग कशाने लागला? येथे आपली भाषाच आपल्याला वाट दाखवते. मराठीत 'नेम' म्हणजे लक्ष्यवेध. पण नेम म्हणजे व्रत, रोजचा परिपाठही. गांधीजींचा सायंप्रार्थनेचा नेम होता. त्या दिवशी वल्लभभाईंशी बोलण्यात उशीर झाला, म्हणून ते झपझप चालत होते. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात असताना सकाळी फिरण्याचा नेम होता. २० ऑगस्ट २०१३ रोजी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर मारेकऱ्यांनी त्यांना गाठले. गोविंद पानसरे यांच्यावर फेब्रुवारी २०१५मध्ये कोल्हापुरात गोळ्या झाडल्या गेल्या, त्याही सकाळच्या फेरीवरून परतताना. मारेकऱ्याला नेम साधावा लागला नाही. समोरच्या माणसाने आपला नेम सोडला नाही, एवढे त्याला पुरले. संरक्षणाच्या गराड्यात न वावरता, ठरल्या वेळी, ठरल्या वाटेने, माणसांमध्ये जाण्याचा हा नेम आहे. या घटनांत कौशल्य आणि धैर्य शोधायचेच असेल, तर ते येथे शोधावे.

म्हणून वृत्तपत्रांतला 'शार्प शूटर' हा शब्द आम्हाला खटकतो. ६७ वर्षांच्या, पायी चाललेल्या माणसावर जवळून गोळ्या झाडणे यात 'शार्प' काय आहे? हा शब्द गुन्ह्याला क्रीडेचा दर्जा देतो आणि वाचकाला प्रेक्षकाच्या खुर्चीत बसवतो. दाभोलकर खटल्यात १० मे २०२४ रोजी दोघांना जन्मठेप झाली, तिघांची सुटका झाली. गोळी कोणी झाडली, याचे उत्तर न्यायालयातून मिळाले. ती झाडण्याचे ठरवले कोणी, हा प्रश्न शिल्लक आहे, आणि त्याविषयीची चर्चा आमच्या कक्षातही दोन वाक्यांपुढे जात नाही. नेमाविषयी बोलणे सोपे असते. त्यात कोणाचेच काही जात नाही.

त्या विद्यार्थ्याला पुढच्या तासाला आम्ही उत्तर दिले नाही. फळ्यावर 'नेम' हा शब्द लिहिला आणि त्याचे अर्थ वर्गाला सांगायला सांगितले. पहिले चारही हात 'निशाणा' म्हणाले. पाचव्या मुलीने सांगितले, "आमची आजी रोज तुळशीला पाणी घालते, तो तिचा नेम आहे." तेथून पुढचा तास चांगला झाला.