माळ विझते, घर का विझत नाही?

ईदसाठी गॅलरीत लावलेल्या माळेतला एक दिवा गेला की माळेचा अख्खा तुकडा अंधारतो. स्वयंपाकघरातला दिवा गेला तर मात्र फ्रिज आणि पंखा चालूच राहतात. वीज तीच, फरक आहे जोडणीचा.

माळेतले दिवे एकापुढे एक असे जोडलेले असतात. ही एकसर जोडणी. विजेला जायला एकच वाट, ती कुठेही तुटली की पुढचं-मागचं सगळं बंद. शिवाय व्होल्टेजही वाटलं जातं. २३० व्होल्टचे दोन सारखे पिवळे बल्ब एकसर जोडले, तर प्रत्येकाच्या वाट्याला ११५ व्होल्ट येतात आणि दोन्ही मंद जळतात.

घरातली जोडणी समांतर असते. प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र वाट आणि प्रत्येकाला पूर्ण २३० व्होल्ट. म्हणून एक बंद पडलं तरी बाकीच्यांचं अडत नाही.

पण धोकाही इथेच आहे. समांतर जोडणीत प्रत्येक उपकरण आपापला प्रवाह ओढतं, आणि त्या सगळ्यांची बेरीज मागच्या एका तारेला सोसावी लागते. हिशेब सोपा आहे: वॅटला २३० ने भागा, अँपिअर मिळतात. १००० वॅटची इस्त्री सुमारे ४.३ अँपिअर घेते, १५०० वॅटची विजेची किटली ६.५. ईदच्या सकाळी एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर कुर्त्यांची इस्त्रीही चालू आणि चहाचं पाणीही, म्हणजे जवळपास ११ अँपिअर झाले. बोर्ड असतो ६ अँपिअरचा. त्याची बारीक तार तापते, वरचं प्लास्टिक वितळू लागतं आणि आग लागू शकते.

‘घरात एमसीबी आहे की,’ असं बरेच पालक म्हणतात. पण १६ अँपिअरचा एमसीबी ११ अँपिअरला पडणारच नाही. तो भिंतीतल्या तारा सांभाळतो, तुमच्या बोर्डाची तार नाही.

स्विच, फ्यूज आणि एमसीबी मात्र मुद्दाम एकसर जोडतात, कारण वेळ आली की वाट तोडणं हेच त्यांचं काम. म्हणून फ्यूज उडाला की त्यात जाड तार घालू नये. तसं करणं म्हणजे पहारेकऱ्यालाच झोपवणं. स्विचही फेजच्या तारेवरच हवा. न्यूट्रलवर असला तर दिवा विझलेला दिसतो, पण होल्डरमध्ये वीज असतेच.

या आठवड्यात मुलांना एक काम द्या. घरातल्या प्रत्येक उपकरणावरचे वॅट आणि बोर्डावरचे अँपिअर वाचून वहीत बेरीज मांडायला सांगा. इस्त्री, किटली, हीटर यांना भिंतीतलं १६ अँपिअरचं सॉकेट द्या. बोर्ड किंवा प्लग हाताला गरम लागला, तर आधी मेन स्विच बंद करा आणि मग वायरमनला बोलवा.