चाकांवरचं घर आणि पत्ता नसलेली माणसं

माझा भाचा हल्ली मोबाइलवर चाकांवरच्या घरांचे व्हिडिओ बघत असतो. जुनी गाडी घ्यायची, आत पलंग आणि शेगडी बसवायची, डोंगर-समुद्र फिरत राहायचं. परवा म्हणाला, "खाला, घरभाडं नाही, लाइटबिल नाही. किती स्वस्त!" महाराष्ट्र सरकारनेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय, हेही त्याने सांगितलं. मी त्याला म्हटलं, असं एक घर मला माहीत आहे. दर हिवाळ्यात आमच्या शाळेजवळच्या मोकळ्या जागेत येतं. त्याचा हिशेब तुला सांगते.

ते घर म्हणजे एक जुना छोटा हत्ती. मागच्या हौद्यावर बांबू आणि ताडपत्री. आत पेटी, गोधड्या, विकायच्या चादरी आणि प्लॅस्टिकच्या बादल्या. कुटुंब दरवेशी. आजोबांच्या काळात यांच्याकडे अस्वल होतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो धंदा हळूहळू संपला. प्राण्यांचे हाल थांबले, हे चांगलंच झालं. पण प्राणी सोडवताना त्यांच्यावर जगणाऱ्या माणसांनी पुढे काय करायचं, याचा विचार फारसा कुणी केला नाही. ज्यांच्या हातातली दोरी गेली, ते चादरी विकू लागले.

आता हिशेब. आपल्या घरात नळ सोडला की पाणी येतं. तिथे पिण्याचा जार विकत घ्यावा लागतो. वापरायचं पाणी मागून आणायचं, तेही समोरच्याचा मूड बघून. मोबाइल चार्ज करायला पानटपरीवाला दहा रुपये घेतो. गॅस किलोवर भरून घ्यायचा, म्हणजे आपल्यापेक्षा महाग. शौचालय पैसे देऊन, आणि ते रात्री बंद. त्यामुळे घरातल्या बायका संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. अंघोळ उजाडायच्या आत, चार साड्यांच्या आडोशाला. ताडपत्री दर पावसाळ्यानंतर नवी. वर गाडीचा हप्ता, विमा, टायर. आपलं घर जुनं झालं तरी जमिनीची किंमत वाढते. या घराची किंमत दर वर्षी कमीच होते आणि ते बंद पडलं की त्याच दिवशी रोजगारही बंद पडतो.

थोडक्यात, गरिबाला प्रत्येक गोष्ट सुटी घ्यावी लागते, आणि सुटी वस्तू नेहमीच महाग पडते.

पण सगळ्यात मोठा खर्च पैशांत मोजता येत नाही. त्या घरातली म्हातारी अम्मा मला एकदा म्हणाली, "मॅडम, घर तो चलताच है, पन पत्ता कां से लाऊं?" या एका प्रश्नात सगळं आलं. दरवेशी भटक्या जमातींच्या यादीत आहेत. मुलांना सवलती आहेत, पण त्यासाठी जातीचा दाखला हवा. आणि दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीपासून महाराष्ट्रात वास्तव्य असल्याचा पुरावा मागतात. ज्यांची ओळखच 'भटके' अशी आहे, त्यांच्याकडून आपण साठ वर्षांपूर्वीच्या मुक्कामाचा कागद मागतो! घरासाठीही २०११ पासून यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे. योजना चांगली आहे, पण तिच्या दारातही तेच कागद उभे असतात.

शाळेचं मी हक्काने बोलू शकते, कारण ते माझं काम आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट लिहिलंय की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, उशिरा आला म्हणूनही नाकारता येत नाही. दुसऱ्या शाळेत जाणाऱ्या मुलाला दाखला लगेच द्यायचा, हेही कायद्यात आहे. तरी या घरातली नऊ वर्षांची मुलगी आमच्याकडे आली तेव्हा आधी दोन शाळांनी तिला परत पाठवलं होतं. एकीने आधार मागितला, दुसरीने "चार महिन्यांत जाणार, मग पट कशाला वाढवायचा" असं सांगितलं. आमच्या शाळेतही कुरकुर झाली, खोटं कशाला बोलू? ती मुलगी तोंडी हिशेबात वर्गात पहिली होती, कारण बाजारात सुटे पैसे तीच परत करायची. लिहिता मात्र स्वतःचं नावही येत नव्हतं. फेब्रुवारीअखेर तिला जोडाक्षरं येऊ लागली आणि एका सकाळी मैदान रिकामं होतं. दाखला न्यायला कुणी आलं नाही. तो अजून माझ्या कपाटात आहे.

इथपर्यंत वाचून आपण सरकारला दोष द्यायला मोकळे होऊ. पण मला आज आपल्या घरातलं बोलायचं आहे.

मागच्या वर्षी या कुटुंबातलं एक तान्हं बाळ न्युमोनियाने गेलं. कब्रस्तानात विचारणा झाली, "कुठल्या जमातीचे?" जमातीच्या वहीत नाव नाही, वर्गणी नाही. अखेर एका बुजुर्गांनी शब्द टाकला आणि जागा मिळाली, पण तोवर बाप कफनातलं बाळ मांडीवर घेऊन दोन तास फाटकाबाहेर बसला होता. तेही कलमा पढणारेच. आपण नागरिकत्वाच्या कागदांवरून चिंता करतो, ती रास्त आहे. मग फाटकावर उभं राहून आपणही कागदच का मागतो?

आपल्या दीनमध्ये मुसाफिराला केवढा मान आहे! प्रवासात चार रकातींच्या फर्ज नमाजेच्या दोन होतात, रोजा पुढे ढकलता येतो. अल्लाहने ज्याला सवलत दिली, त्याला आपण अट घालतो. सूरह तौबामध्ये जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत. त्यातला शेवटचा इब्नुस्सबील, म्हणजे वाटेत अडलेला मुसाफिर. रमजानमध्ये आपली जकात ओळखीच्या घरांत, पावतीबुकं घेऊन येणाऱ्या संस्थांत जाते. जाऊ दे, तीही गरज आहे. पण आठवा हकदार गावाबाहेर ताडपत्रीखाली बसलेला असतो आणि त्याच्याकडे पावतीबुक नसतं.

आणि हा प्रश्न फक्त मुसलमान भटक्यांचा नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारे आले, एवढी अफवा पुरली. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायद्याने काही जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण प्रत्येक भटक्याकडे त्याच नजरेने बघण्याची सवय अजून आपल्या डोळ्यांत आहे. त्या नजरेला हिंदू-मुसलमान असा भेद नाही. चाकांवरच्या घराची ही सगळ्यात महाग किंमत.

मग करायचं काय? फार मोठं नाही. मशिदीचा एक नळ आणि संडास मुक्कामाला आलेल्यांसाठी खुला ठेवता येईल. कब्रस्तानच्या वहीत 'मुसाफिर' असं एक पान ठेवता येईल, ज्याला वर्गणी लागत नाही. जकातीतला एक वाटा इब्नुस्सबीलच्या नावाने वेगळा काढता येईल. मोहल्ल्यातल्या शिकलेल्या पोरांनी त्यांचे कागद करायला तहसीलमध्ये सोबत जावं. आणि माझ्या शिक्षक बंधू-भगिनींनी पटाची काळजी न करता मुलाला आत घ्यावं. चार महिने तर चार महिने.

भाचा सगळं ऐकून गप्प झाला. मग म्हणाला, "खाला, यंदा ते आले की मला सांग. त्यांच्या फोनला आपल्या घरून चार्जिंग देऊ." सुरुवात म्हणून मला ते पुरेसं वाटलं. हिवाळा जवळ आलाय. दाखल्यावरची धूळ मी पुसून ठेवलीय.