विश्लेषण : आईवडील विभक्त झाले, मुलांच्या खर्चाचे काय? पोटगी कशी ठरते, थकली तर काय करता येते?

पती-पत्नीचे नाते घटस्फोटाने संपते, मात्र आईवडील म्हणून असलेली जबाबदारी संपत नाही. तरीही शाळेचे शुल्क, दवाखाना, घरभाडे यांचा भार अनेकदा मूल ज्याच्याकडे राहते त्याच्यावरच पडतो. मुलांच्या पोटगीबाबत कायदा काय सांगतो, याचा हा आढावा.

ही पोटगी नेमकी कोणाची?

मुलांची पोटगी आईला मिळणाऱ्या पोटगीचा भाग नाही, तो मुलाचा स्वतंत्र हक्क आहे. पत्नी कमावती आहे म्हणून तिची पोटगी नाकारली गेली, तरी मुलाची पोटगी आपोआप रद्द होत नाही. परस्पर संमतीच्या घटस्फोटात आईने ‘मला काही नको’ असे लिहून दिले, तरी त्यामुळे मुलाचा हक्क संपत नाही, अशी भूमिका न्यायालयांनी वेळोवेळी घेतली आहे. विवाहाबाहेर जन्मलेल्या मुलांनाही हा हक्क आहे.

कोणत्या कायद्यांचा आधार?

सर्व धर्मीयांना लागू असलेली तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली. याशिवाय हिंदू विवाह कायद्याचे कलम २६, विशेष विवाह कायद्याचे कलम ३८ आणि कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याचे कलम २० यांखालीही मुलांसाठी खर्च मागता येतो. हिंदू दत्तक आणि निर्वाह कायदा, १९५६ नुसार ही जबाबदारी वडील आणि आई या दोघांचीही आहे. मुस्लीम वडिलांनाही कलम १२५ खाली मुलांचा खर्च द्यावाच लागेल, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये नूर सबा खातून प्रकरणात दिला होता.

रक्कम कशी ठरते?

ब्रिटनमध्ये यासाठी ठरलेले सूत्र आहे. तेथे मूळ दराने एका मुलासाठी उत्पन्नाच्या १२ टक्के, दोन मुलांसाठी १६ टक्के अशी आकारणी होते. भारतात असे कोष्टक नाही. पालकांचे उत्पन्न आणि मालमत्ता, इतर जबाबदाऱ्या, मुलाच्या गरजा आणि आधीचे राहणीमान पाहून न्यायालय रक्कम ठरवते. पूर्वी कलम १२५ खाली महिना ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती, ती २००१ मध्ये काढून टाकण्यात आली.

खरी अडचण उत्पन्न सिद्ध करण्याची असते. पगारदाराची पगारपावती मिळते, व्यावसायिकाचे उत्पन्न मात्र कागदावर कमी दिसते. त्यामुळेच ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक केले. मुलाच्या खर्चात अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार आणि शिक्षण यांच्यासह वाजवी शिकवणी खर्चही धरावा, असे या निकालात म्हटले आहे. आई पुरेसे कमावत असेल तर शिक्षणाचा खर्च दोघांत उत्पन्नाच्या प्रमाणात वाटता येतो.

या निकालाचे महत्त्व काय?

हे प्रकरण नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून गेले होते. मूल तान्हे असताना, २०१३ मध्ये अंतरिम पोटगीचा अर्ज दाखल झाला. २०१५ मध्ये मुलासाठी आधी पाच हजार आणि पुढे दहा हजार रुपये दरमहा मंजूर झाले. त्यावरील वाद मिटेपर्यंत २०२० उजाडले. म्हणजे केवळ अंतरिम रकमेच्या वादात सात वर्षे गेली. हा अनुभव पाहूनच न्यायालयाने प्रतिज्ञापत्रे दाखल झाल्यावर चार ते सहा महिन्यांत अंतरिम पोटगीचा निर्णय द्यावा आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून लागू करावी, असे निर्देश दिले. सुनावणी लांबवून पैसे वाचवण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला.

पोटगी किती वयापर्यंत?

१९५६ च्या कायद्यानुसार मूल अज्ञान असेपर्यंत, म्हणजे १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत खर्च मागता येतो. अविवाहित मुलगी स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल, तर सज्ञान झाल्यावरही या कायद्याखाली तिचा हक्क राहतो, असे २०२० मधील अभिलाषा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे निर्वाह करू न शकणाऱ्या मुलांनाही सज्ञान झाल्यावर संरक्षण आहे. मुलाच्या बाबतीत मात्र पेच आहे. बारावी संपते आणि महाविद्यालयाचे मोठे शुल्क सुरू होते, नेमके तेव्हाच तो १८ वर्षांचा होतो. म्हणूनच संमतीने घटस्फोट घेताना उच्च शिक्षणाचा खर्च कोण देणार आणि महागाईनुसार रक्कम कशी वाढणार, हे करारात लिहून घेणे शहाणपणाचे.

पैसे थकवले तर?

फौजदारी तरतुदीखाली वसुलीचे वॉरंट निघू शकते. त्यानंतरही थकबाकी राहिली तर प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. अर्ज मात्र रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात करावा लागतो. ही मुदत अनेकांच्या लक्षात राहत नाही आणि जुनी थकबाकी या मार्गाने वसूल करणे अवघड होते. दिवाणी प्रक्रियेने पगार किंवा मालमत्तेवर जप्तीही आणता येते. परिस्थिती बदलली, नोकरी गेली किंवा मुलाचा खर्च वाढला, तर रक्कम कमी-जास्त करण्यासाठी न्यायालयात जाता येते. परस्पर हप्ते बंद करणे हा त्यावरचा उपाय नाही.

मुलाला भेटू दिले नाही तर?

भेटीचा हक्क आणि पोटगी या दोन वेगळ्या बाबी आहेत. भेट नाकारली म्हणून पैसे रोखता येत नाहीत आणि पैसे थकले म्हणून न्यायालयाने ठरवलेली भेट अडवता येत नाही. दोन्ही तक्रारींसाठी न्यायालयाचे दार उघडे आहे. या ओढाताणीत शुल्क कोणाचे थकले आणि भेट कोणाची हुकली, याचे उत्तर मात्र एकच असते, ते म्हणजे मुलाची.