शेपटाला चालणारा लीडर

सह्याद्रीत ट्रेकचा गट नेणाऱ्याला ‘लीडर’च म्हणतात, ‘नेता’ हा शब्द राजकारणाने केव्हाच पळवला. या लीडरचे शिक्षण रांगेच्या शेपटाला सुरू होते. चांगल्या संस्थेत नवख्याला आधी पिछाडी सांभाळायला देतात. कोणाच्या बुटाचा सोल सुटला तर तो सुतळीने आवळून द्यायचा, कोणी मागे रेंगाळले तर त्याच्याबरोबर थांबायचे आणि आपल्या मागे कोणी उरू द्यायचे नाही. दमलेला माणूस आधी गप्प होतो, मग सपाटीवरही ठेचकाळतो. पुढे चालणाऱ्याला हे दिसत नाही.

रीतसर अभ्यासक्रम आहेतच. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट १९५४ची, उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट १९६५ची. तिथला बेसिक कोर्स २८ दिवसांचा. त्यात ‘ए’ श्रेणी मिळाली तर अॅडव्हान्स, आणि त्यापुढे शिकवायचे कसे हे शिकवणारा ‘मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन’. दोर, गाठी, बर्फावरची चाल तिथे पक्की होते. सह्याद्रीचे प्रश्न मात्र वेगळे असतात: घसारा, निसरडे गवत, कारवीत हरवणारी वाट, एप्रिलमधले कोरडे टाके, आग्या मोहोळ. म्हणून गट नेण्याआधी लीडरने ती वाट स्वतः चालून पाहावी आणि पायथ्याच्या गावातला वाटाड्या सोबत घ्यावा. वाटाड्याची मजुरी वाचवणे ही या धंद्यातली सर्वांत महागडी काटकसर आहे.

खरी परीक्षा ओढ्यावर होते. सकाळी घोट्याएवढे नितळ पाणी ओलांडून गेलेला गट दुपारी परततो, तेव्हा ते गढूळ झालेले असते आणि पालापाचोळा, काटक्या वाहून येत असतात. इथे पाऊस नसला तरी वर माथ्यावर कोसळतो आहे, अशी ती खूण. गुडघ्याएवढे वेगवान पाणीही धडधाकट माणसाचे पाय उचलते. पाऊस ओसरला की डोंगरी ओढा बहुधा काही तासांत उतरतो. तेवढे थांबायचे असते. पण गटातल्या निम्म्यांचे डोळे कसाऱ्याच्या शेवटच्या लोकलकडे लागलेले असतात आणि कोणीतरी ‘दोर लावून जाऊ’ म्हणतोच. त्या वेळी शांतपणे ‘थांबायचं’ म्हणायला कोणताही २८ दिवसांचा कोर्स पुरत नाही. अनुभवी लीडरच्या हाताखाली असे दोन-चार नकार पाहावे लागतात. परतायची वेळही सकाळीच सर्वांसमोर ठरवलेली बरी; शिखर समोर दिसू लागल्यावर घासाघीस फार होते.

महाराष्ट्र शासनाने २०२१मध्ये साहसी पर्यटन धोरण आणले आणि आयोजकांना नोंदणी सक्तीची केली. पाऊल योग्यच; मात्र लीडर किती वेळा गट घेऊन अर्ध्या वाटेवरून परतला, हे प्रमाणपत्रावर दिसत नाही. ते जुन्या क्लबांच्या वह्यांत सापडते: तारीख, वाट, माणसे, पाणी कुठे मिळाले, कुठून फिरलो आणि का. त्याच वाटेने पुढचा गट नेणारा निघण्याआधी ते पान वाचून घेतो.