एकच वायरलेस स्पीकर की सुटी साऊंड सिस्टीम? घेण्याआधी दुरुस्तीचं विचारा

सोयाबीनचे पैसे हातात आले आणि दिवाळी जवळ आली, की जळकोटसारख्या गावात घरोघरी खरेदीच्या याद्या निघतात. स्पीकर घ्यायचा असेल तर प्रश्न ठरलेला : सगळं एकाच बॉक्समध्ये असलेला वायरलेस स्पीकर घ्यावा, की ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर सुटे?

आवाजात फरक काय?
स्टीरिओसाठी डावा आणि उजवा स्पीकर एकमेकांपासून लांब हवेत. भजनात पखवाज एका बाजूला, टाळ दुसऱ्या बाजूला असा भास सुट्या जोडीतच नीट होतो. एका बॉक्समध्ये तेवढं अंतर मिळत नाही.

मग वायरलेस कशाला?
बॅटरीवाला स्पीकर लाइट गेली तरी वाजतो, शेतातही नेता येतो. वायरींचा गुंता नाही.

बिघडला तर?
खरी अडचण इथे आहे. लिथियम-आयन बॅटरी साधारण ३०० ते ५०० पूर्ण चार्जिंगनंतर उतरू लागते आणि अनेक मॉडेलमध्ये ती सहज बदलता येत नाही. ॲपवर चालणाऱ्या स्पीकरचं भवितव्य कंपनीच्या हाती असतं. अमेरिकेतील सोनोस कंपनीने मे २०२० पासून काही जुन्या मॉडेलचे सॉफ्टवेअर अपडेट बंद केले. सुट्या सिस्टीममध्ये जो भाग बिघडला, तेवढाच दुरुस्तीला जातो. जुन्या ॲम्प्लिफायरला ब्लूटूथ रिसीव्हर जोडला, की मोबाइलवरची गाणीही वाजतात.

आमचं मत
सोबत न्यायचा असेल तर वायरलेस घ्या. घरात वर्षानुवर्षं ऐकायचं असेल तर सुटी सिस्टीमच बरी. पैसे देण्याआधी दुकानदाराला विचारा : बॅटरी बदलून मिळते का, कुठे आणि कितीला?