तोल आणि ताई ची

भिवंडीचा व्यापारी दिवसभरात फारसा चालत नाही. अंजूरफाट्याच्या कार्यालयातून मानकोलीच्या वा दापोड्याच्या गोदामात जावयाचे ते मोटारीने. गोदामात पोहोचल्यावर खुर्ची. आणि परतताना रस्त्यावरील वाहनांच्या रांगेत पुन्हा बैठक. ज्यांचे आयुष्य यंत्रमागाच्या कारखान्यात गेले, त्यांचे पाय निदान दोन मागांमधल्या गल्लीतून फिरत असत. गादीवर आणि संगणकासमोर बसणाऱ्याचे तेवढेही फिरत नाहीत. साठीच्या आसपास मग अनेक घरांत एक विचित्र स्थिती दिसते. रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतली जाते, साखर तपासली जाते, वर्षातून एकदा ईसीजी होतो. परंतु एका पायावर उभे राहून पायजमा घालता येतो की नाही, हे कोणी विचारत नाही. त्यासाठी भिंतीला हात टेकण्याची सवय केव्हा लागली, हे ज्याला लागली त्यालाही आठवत नाही.

ही सवय वरवर पाहता क्षुल्लक. पण वृद्धापकाळातील कितीतरी आपत्तींची सुरुवात अशाच ठिकाणी होते: न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, रात्री दिवा न लावता उठताना. खुब्याचे हाड मोडले की शस्त्रक्रिया आणि दीर्घ अंथरूण हे आलेच. त्यानंतर उरते ती पुन्हा पडण्याची भीती, आणि ती हाड जुळल्यानंतरही जात नाही. भीतीपोटी चालणे कमी होते, चालणे कमी झाले की मांडीचे स्नायू झिजतात, आणि स्नायू झिजले की पडण्याचा संभव वाढतो. कटासणावर बसून सामायिक करणारी आजी खुर्ची मागू लागते. प्रतिक्रमणातील उठबस टळू लागते. शत्रुंजयाच्या साडेतीन हजारांच्या आसपास असलेल्या पायऱ्या एके काळी अनवाणी चढलेला गृहस्थ पालिताण्याला जाऊन डोलीची चौकशी करतो, आणि त्याचे दुःख यात्रेहून परतल्यावरही कोणाजवळ बोलत नाही.

तोल म्हणजे शरीराची एखादी वेगळी शक्ती नव्हे. डोळे, कानाच्या आतील भागातील तोलाचे इंद्रिय, आणि तळपाय-घोटे-गुडघे यांतून मेंदूकडे जाणाऱ्या संवेदना, या तिघांच्या साक्षीवर मेंदू क्षणोक्षणी निर्णय घेतो आणि स्नायूंना आज्ञा देतो. वय वाढले की तिन्ही साक्षीदार मंदावतात. मधुमेह जुना असेल तर तळपाय बधिर होऊ लागतात, आणि मग सारा भार डोळ्यांवर येतो. म्हणूनच अशा व्यक्तीला दिवसा चालताना काही वाटत नाही. अंधारात मात्र ती लडखडते. हे साक्षीदार पुन्हा तरुण करता येत नाहीत, परंतु त्यांच्याकडून काम घेण्याची सवय मेंदूला नव्याने लावता येते. चीनमधील ताई ची या व्यायामप्रकाराकडे जगभरच्या वैद्यकाचे लक्ष गेले ते याच कारणाने.

नाव ऐकताच मराठी कानाला ‘ताईची कोणती वस्तू?’ असा प्रश्न पडतो, इतके ते घरगुती वाटते. मूळ मात्र घरगुती नाही. पूर्ण नाव ‘ताई ची च्वान’, आणि ‘च्वान’ म्हणजे मूठ. ही मुळात युद्धविद्या. हनान प्रांतातील चेन घराण्याच्या गावी 17व्या शतकात चेन वांगतिंग या सैनिकी पेशाच्या गृहस्थाने तिला आकार दिला, असे इतिहासकार सामान्यतः मानतात. 19व्या शतकात यांग लुचान हा बाहेरचा माणूस त्या गावात ती शिकला आणि बीजिंगला घेऊन गेला. त्याचा नातू यांग चंगफू याने तिच्यातील उड्या आणि झटके काढून टाकले, गती एकसारखी संथ केली, आणि जी विद्या एका घराण्याची होती ती सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. 1956 मध्ये चीनच्या क्रीडा खात्याने तिचा 24 हालचालींचा संक्षिप्त क्रम तयार केला. तो सुमारे पाच-सहा मिनिटांत पुरा होतो. डिसेंबर 2020 मध्ये युनेस्कोने या विद्येचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात समावेश केला. आपल्याकडे एखादा उत्साही वक्ता हे सारे भारतातून गेलेल्या बोधिधर्माच्या नावावर जमा करतो. ती आख्यायिका शाओलिन मठाची आहे, आणि तिथेही ती आख्यायिकाच आहे. ताई चीचे श्रेय घेण्याचा मोह आवरावा हे बरे.

आता प्रश्न असा की इतके सावकाश हात हलवून होते तरी काय? उद्यानात ताई ची करणाऱ्या वृद्धांना पाहणारा त्यांच्या हातांकडे पाहतो, आणि तिथेच फसतो. खरे काम पायांत चालते. नेहमीच्या चालीत एक पाय हवेत असतो तो जेमतेम अर्धा सेकंद. तेवढ्यात पुढे जाणाऱ्या शरीराची गतीच माणसाला सावरून नेते. तीच पावले दहा पट सावकाश टाकली की गतीचा आधार संपतो आणि सारे वजन एका मांडीवर, एका घोट्यावर, एका तळपायावर येऊन ठेपते. व्यापाऱ्याला हे जमाखर्चाच्या भाषेत लवकर समजेल. शरीराचे वजन ही रक्कम ठरलेली आहे. ती डाव्या पायाच्या खात्यातून उजव्या पायाच्या खात्यात थोडीथोडी वळती करावयाची. डावे खाते पूर्ण रिकामे झाल्यावाचून डावा पाय उचलावयाचा नाही. दोन्ही पायांवर अर्धे-अर्धे वजन ठेवून घुटमळणे हा या विद्येत दोष मानला जातो, कारण अशा माणसाला कोणत्याही दिशेने चटकन पाऊल टाकता येत नाही. घसरणारा मनुष्य नेमका याच क्षणी पडतो. कोणता पाय मोकळा आहे हे त्याच्या शरीराला ठाऊक नसते.

बाकीचे नियम याच एका गोष्टीच्या सोयीसाठी आहेत. पाठीचा कणा उभा, जणू टाळूला दोरा बांधून कोणी वर धरले आहे, खांदे सैल, गुडघे किंचित वाकलेले, पण पायाच्या बोटांपुढे न जाणारे, हात कमरेच्या वळण्याबरोबर फिरणारा, आपल्या मनाने नव्हे. श्वास नाकाने, पोटापर्यंत, न रोखता. चिनी आचार्य सांगतात की हालचाल कोशातून रेशीम ओढल्यासारखी असावी. रेशमाच्या कोशाची उपमा जैन कानाला रुचणार नाही. भिवंडीत तिची गरजही नाही. कोनवरून सूत उतरविताना हात अडखळला तर दोरा गुंततो आणि हिसका बसला तर तुटतो, हे या गावातील प्रत्येक कारखान्याला ठाऊक आहे. एकसारखा ताण ठेवण्यासाठी लक्ष तिथेच ठेवावे लागते. अर्धे लक्ष येणे बाकी असलेल्या रकमेवर आणि अर्धे पावलावर ठेवून ताई ची होत नाही. तोल लगेच चुगली करतो. ज्याला ‘मन शांत करा’ म्हटले की मनात दुप्पट हिशेब सुरू होतात, अशा माणसाला ही वाट सोयीची पडते. त्याला मन शांत करावयाचे नसते, फक्त टाच आधी टेकवावयाची असते.

योगासने असताना चिनी व्यायाम कशासाठी, हा आक्षेप घरातून येईलच, आणि तो रास्त आहे. वृक्षासनातही तोलाची परीक्षा असते. परंतु वृक्षासनात माणूस स्थिर उभा असतो, आणि पडतो तो बहुधा स्थिर असताना नव्हे; वळताना, उठताना, पाऊल बदलताना पडतो. ताई चीत अभ्यास होतो तो नेमका या बदलत्या क्षणांचा. हालचालीतूनच तोल कमवावा, या विचाराने पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालविले. त्याच आजाराच्या 195 रुग्णांवर अमेरिकेतील ओरेगॉन येथे झालेला प्रयोग 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाने आठवड्यातून दोनदा याप्रमाणे 24 आठवडे ताई ची केली, दुसऱ्याने स्नायूंच्या बळाचे व्यायाम केले, तिसऱ्याने केवळ ताण देण्याचे. तोल राखण्यात ताई चीचा गट दोघांच्याही पुढे राहिला, आणि ताण देण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा त्यातील लोक कमी वेळा पडले. गुडघ्याच्या संधिवातावर 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात 204 रुग्ण होते. 12 आठवड्यांनंतर ताई ची आणि नेहमीची फिजिओथेरपी यांचा वेदनेवरील परिणाम सारखाच आढळला, आणि मनाची उभारी ताई चीच्या गटात थोडी अधिक.

आकड्यांना आकड्यांइतकेच मानावे. 2019 मधील कोक्रेनच्या मोठ्या आढाव्यानुसार सर्व प्रकारच्या व्यायामांनी ज्येष्ठांचे पडणे सुमारे 23 टक्क्यांनी कमी होते. एकट्या ताई चीसाठी हा आकडा 19 टक्क्यांच्या आसपास आहे आणि त्यामागील पुरावा तितका भक्कम नाही. ताई चीने मधुमेह जात नाही, वजन फारसे उतरत नाही, आणि कोणतीही गोळी बंद करण्याचा परवाना मिळत नाही. जो शिक्षक असे आश्वासन देतो त्याच्या वर्गाची पायरी चढू नये. चांगला शिक्षक ओळखण्याची खूण साधी आहे: तो आधी शिष्याच्या पायांकडे पाहतो, आणि गुडघ्याचा त्रास आहे का हे विचारतो. चक्कर येत असेल, गुडघ्याला सूज असेल, हाडे ठिसूळ झाली असतील किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल तर डॉक्टरांना विचारल्यावाचून सुरुवात करू नये.

शिक्षक हाताशी नसेल तर बहुतेकांचा मार्ग मोबाइलवरील चित्रफितीचा. तिच्यात एक अडचण आहे. समोरच्या माणसाची उजवी बाजू आणि आपली उजवी बाजू यांचा गोंधळ होतो, आणि त्या गोंधळात नक्कल उरते ती फक्त हातांची. म्हणून पहिले पंधरा दिवस हात विसरून जावेत. नवकारशीपूर्वीचा वेळ, पोट रिकामे, पायात सपाट तळाची चप्पल नव्हे तर बूट. गच्चीवर वा दिवाणखान्यात, परंतु गालिच्यावर नको आणि नुकत्याच पुसलेल्या फरशीवर तर मुळीच नको. शेजारी भक्कम पाठीची खुर्ची असावी. गुडघे जरासे वाकवून सारे वजन एका पायावर न्यावे, दुसरा पाय उचलून टाच हलकेच पुढे टेकवावी, आणि मगच वजन पुढे सरकवावे. दहा पावले, पुन्हा दहा. पावसाळ्यात गच्ची ओली असते तेव्हा ही चाल जिन्याच्या सपाट टप्प्यावर कठड्याला धरूनही करता येते. मांडी थरथरू लागली की थांबावे. ती थरथर काही आठवड्यांत कमी होते. शत्रुंजय उतरताना गुडघ्यांना जो त्रास होतो तो याच मांडीचा लगाम सैल पडल्यामुळे, हे ज्यांनी एकदा अनुभवले आहे त्यांना या थरथरीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. घरातील ज्येष्ठ स्त्रियांनी साडीचा घेर पायात येणार नाही एवढे पाहावे. गुडघ्यावर उभे राहणे मुळीच जमत नसेल त्यांनी खुर्चीत बसून कमरेपासून वळण्याचा आणि हातांचा भाग करावा.

दुसऱ्या महिन्यात ‘ढगांसारखे हात’ ही हालचाल घ्यावी. दोन्ही तळवे चेहऱ्यासमोरून आळीपाळीने फिरतात, कमर वळते आणि पावले केवळ आडवी, एका बाजूला सरकत जातात. पुढे-मागे जागा लागत नसल्यामुळे, ट्रक येण्याच्या आधी, गोदामातील मालाच्या दोन थप्प्यांमधली गल्लीही तिला पुरते.