न्हावा शेवाचा धडा, रुग्णालयांसाठी

जून २०१७ च्या अखेरीस ‘नॉटपेट्या’ या संगणकीय हल्ल्याने नवी मुंबईलगतच्या न्हावा शेवा बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. कोणता कंटेनर कोणाचा, हे सांगणारे संगणकच बंद पडल्याने हाताने काम करण्याची वेळ आली. या हल्ल्याची सुरुवात युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरपासून झाली होती. तेथून तो मर्स्क या डॅनिश समूहाच्या जाळ्यात शिरला आणि त्याच समूहाच्या न्हावा शेवा येथील टर्मिनलपर्यंत पोहोचला.

त्याआधी जेमतेम दीड महिना ‘वॉनाक्राय’ने ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना गाठले होते. तेथे रुग्णांच्या सुमारे १९ हजार अपॉइंटमेंट रद्द झाल्याचा अंदाज आहे. बंदर आणि रुग्णालये यांच्यात साम्य काय? दोन्ही हल्ले पसरण्यामागे विंडोज संगणकांतील एकच दोष होता.

संगणक एकमेकांशी ज्या ठरलेल्या नियमांनी बोलतात, त्यांना प्रोटोकॉल म्हणतात. फाइल देवाणघेवाणीच्या ‘एसएमबी’ या प्रोटोकॉलच्या जुन्या आवृत्तीत, आलेल्या माहितीचा आकार मोजण्यात चूक होत होती. त्यामुळे ती नेमून दिलेल्या जागेबाहेर सांडे आणि हल्लेखोराला ताबा मिळे. दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच उपलब्ध झाली होती. ती अनेकांनी बसवली नाही. गरज नसताना जुनी आवृत्तीही चालू राहिली.

अशा चुका चाचण्यांतून निसटतात. तपासणीचा एखादा अहवाल निगेटिव्ह आला म्हणून आजार नाहीच, असे डॉक्टर म्हणत नाहीत. सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. यावर ‘फॉर्मल व्हेरिफिकेशन’ हा उपाय आहे. भूमितीतील प्रमेयाप्रमाणे, कोणतीही माहिती आली तरी प्रोग्रॅम अमुक चूक करणार नाही, हे येथे गणिताने सिद्ध करतात. २००९ मध्ये ‘एसईएल४’ या छोट्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यासाठी अशी सिद्धता पूर्ण झाली. २०१७ पासून फायरफॉक्स ब्राउझरमध्येही सिद्ध केलेला सांकेतिकीकरणाचा कोड वापरात आहे.

आता संशोधक पुढचा प्रश्न हाताळत आहेत. सीटी स्कॅन यंत्राला प्रतिमा सर्व्हरकडे पाठवायच्या असतात. प्रोटोकॉलमधील बाकीच्या अनेक सोयी त्याला लागत नाहीत. प्रत्येक जादा सोय म्हणजे एक उघडे दार. ते बंद करावे, तर यंत्र ऐनवेळी अडेल ही भीती असते. म्हणून प्रोटोकॉल गरजेपुरता छाटायचा आणि उरलेला भाग पूर्वीसारखाच चालेल, हेही सिद्ध करायचे, अशी ही दिशा आहे.

अर्थात, सिद्धता गृहीतकांपुरतीच खरी असते. नॉटपेट्या चोरलेले पासवर्ड वापरूनही पसरला; त्याला अशी सिद्धता रोखू शकली नसती. शिवाय हे काम खर्चिक आहे आणि रुग्णालयांतील जुनी यंत्रे त्याची वाट पाहत थांबू शकत नाहीत.

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’वर हल्ला झाला, तेव्हा ओपीडीपासून प्रयोगशाळेपर्यंतच्या नोंदी कागदावर आल्या. अशा वेळी अहवालाला लागणारा उशीर रुग्णाला भोवतो. म्हणून यंत्रखरेदीच्या निविदेतच तीन अटी हव्यात: यंत्र कोणते प्रोटोकॉल वापरते याची यादी, अनावश्यक सोयी बंद करून देण्याची हमी आणि यंत्राच्या आयुष्यभर सुरक्षा दुरुस्त्या. यासाठी नव्या संशोधनाची वाट पाहण्याची गरज नाही.